आधी जागा ओळखा, मग रोप लावा



सध्या बऱ्याच गटांत रोपवाटिकेच्या पिशव्या भरायचं काम चालू आहे. त्यामुळे ग्रामसंघाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो : "यंदा कोणती रोपं करायची?" त्यावर उत्तरही हमखास येतं : "जी लवकर वाढतात ती." ऐकायला हे बरोबर वाटतं. पण लवकर वाढणारं रोप माळावर नेऊन लावलं की बहुतेक वेळा पहिल्याच उन्हाळ्यात वाळतं. मग खड्ड्याची मेहनत, पिशवीचा खर्च आणि डोक्यावरून वाहिलेलं पाणी, सगळंच वाया जातं. हे नशिबानं होत नाही, त्याला कारण आहे. ते समजलं तर आपला पैसा आणि आपले हात, दोन्ही वाचतील. म्हणून हा लेख.

आपल्या अकोले तालुक्यात हे समजून घेणं सोपं आहे, कारण एकाच तालुक्यात दोन टोकं आहेत. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीकडे पाऊस हजारो मिलीमीटरमध्ये मोजतात, आणि पूर्वेला संगमनेरच्या बाजूला जावं तसा तो चार-पाचशेवर येतो. तिकडे डोंगरउतारावर कारवी आणि ओढ्याकाठी जांभूळ, तर इकडे माळावर बोर, हिवर आणि तरवड. ही झाडं कुणी लावली नाहीत. ज्या त्या जागेला जे मानवलं ते टिकलं.

झाडाचाही जमाखर्च असतो

आपल्याला गटाची वही लिहायची सवय आहे, म्हणून त्याच भाषेत सांगते. झाडाची जमा म्हणजे ऊन, पाणी आणि मातीतले क्षार. खर्चाची खाती मुख्यतः तीन. पहिलं खातं वाढीचं : नवी पानं, उंची, मुळं. दुसरं टिकून राहण्याचं : जाड साल, काटे, कडू चीक, घट्ट लाकूड, जमिनीखालचा कंद. तिसरं खातं बियांचं, म्हणजे पुढच्या पिढीचं.

जमा ठरलेली असते. एका खात्यात जास्त घातलं की दुसऱ्यात कमी पडतं. शेवगा बघा. दोन वर्षांत घराच्या वर जातो, पण लाकूड इतकं ठिसूळ की वारा आला की फांदी मोडते. त्यानं सगळा खर्च वाढीवर केला. खैर किंवा बोर बघा. वाढ सावकाश, पण लाकूड टणक आणि अंगभर काटे. तिथं खर्च टिकण्यावर झाला. यात हुशार कोण आणि वेडं कोण असं काही नाही. शेवग्याचा हिशोब परसात बरोबर बसतो, बोराचा माळावर.

पानांचंही तसंच. केळीचं पान मोठं आणि मऊ. ते पटकन तयार होतं आणि फाटलं तर दुसरं येतं, कारण खाली पाणी आणि खत भरपूर असतं. माळावरच्या झाडाला एकेक पान कष्टानं मिळतं. शेळीनं ते ओरबाडलं तर भरून काढायला जमाच नसते. म्हणून बाभळीला काटे आणि रुईला चीक. जिथं मिळकत कमी तिथं राखण जास्त.

जागेला विचारायचे दोन प्रश्न

इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात फिलिप ग्राइम नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७० च्या दशकात एक सोपी मांडणी केली. ती आपल्या कामाची आहे, कारण ती दोनच प्रश्नांवर उभी आहे.

पहिला प्रश्न : इथं ताण किती आहे? पाण्याचा ताण हा शब्द आपण शेतात रोज वापरतो. त्यातच पातळ माती, खारट जमीन, दाट सावली आणि कडक थंडीही धरा. ज्यानं वाढच खुंटते तो ताण.

दुसरा प्रश्न : इथं मोडतोड किती होते? नांगरट, खुरपणी, चराई, वणवा, कुऱ्हाड, ओढ्याचा पूर. वाढलेलं जे मोडून नेतं ती मोडतोड.

आता चार प्रकारच्या जागा होतात. ताण कमी, मोडतोड कमी. ताण जास्त, मोडतोड कमी. ताण कमी, मोडतोड जास्त. आणि दोन्ही जास्त. पहिल्या तीन जागांसाठी तीन स्वभावांची झाडं आहेत. त्यांना आपण आपल्या भाषेत दांडगी, सोशिक आणि घाईची म्हणू. चौथ्या जागेचं पुढे सांगते, कारण आपली खरी अडचण तिथंच आहे.

दांडगी

जिथं माती खोल, पाणी भरपूर आणि मोडतोड नाही, तिथं अडचण एकच : शेजारी. सगळ्यांनाच वाढायला वाव असतो, त्यामुळे जो उंच होईल, रुंद होईल, दुसऱ्यावर सावली धरेल तो जिंकतो. मोठी पानं, झपाट्यानं वाढ, मुळांचा पसारा ही दांडग्यांची लक्षणं. ओढ्याकाठचं पाणकणीस आणि बेशरम आठवा. एकदा शिरलं की दुसऱ्याला जागा देत नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे जलपर्णी. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. पुण्याच्या पवना आणि मुळा-मुठा नद्यांवर तिचा हिरवा गालिचा बघितला असेल. सांडपाण्यातून आणि शेतातून वाहून आलेल्या खतातून तिला आयतं जेवण मिळतं. सगळं जुळून आलं तर दोन आठवड्यांच्या आसपास तिचा पसारा दुप्पट होतो. म्हणून जलपर्णी नुसती काढून भागत नाही. पाण्यात खत येणं थांबलं नाही तर ती परत येते. जलपर्णी दिसली की समजायचं, या पाण्यात काहीतरी जास्तीचं मिसळतं आहे.

सोशिक

जिथं ताण जास्त पण कुणी फारसं मोडत नाही, तिथं दांडग्यांचं काही चालत नाही. तिथं सावकाश वाढून धीर धरणारी झाडं टिकतात. सोसण्याच्या रीती मात्र वेगवेगळ्या आहेत.

बोर खोल सोटमूळ सोडतं आणि कडक उन्हाळ्यात पानं गाळून गप्प बसतं. पानच नाही तर पाणी उडणार कुठून? डोंगरावरची सालई तर खडकाच्या फटीत उभी असते आणि वर्षातले कितीतरी महिने बिनपानांची असते. निवडुंगानं पानांचे काटेच करून टाकले. तो पाणी खोडात साठवतो आणि श्वासाची छिद्रं रात्री उघडतो, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी उडत नाही.

फोडशीची रीत आणखी वेगळी. पावसाचे तीन-चार महिने ती जमिनीवर दिसते आणि बाकी सगळं वर्ष जमिनीखाली मुळांच्या गाठींत काढते. पानांनी कमवायचं, खाली साठवायचं आणि पुढच्या पावसात त्यावर उगवायचं. म्हणून रानभाजी विकणाऱ्या गटांना एक विनंती. पानं कापून घ्या, पण गाठीसकट उपटू नका. पानं म्हणजे व्याज, गाठ म्हणजे मुद्दल. मुद्दलच विकलं तर पुढच्या आषाढात डोंगरावर भाजी कुठून येणार? आणि भाजी नाही म्हणजे बाजाराच्या दिवसाचे आपले पैसेही नाहीत.

कारवी तर आपल्यासारखीच बचत करणारी आहे. सात-आठ वर्षं ती फुलत नाही, फक्त वाढते आणि साठवते. मग एका वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा-निळा होतो, बी धरतं आणि ती झुडपं वाळून जातात. इतकं बी एकदम पडतं की पाखरं, किडे आणि उंदीर खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं रुजतं.

ताण म्हणजे फक्त दुष्काळ नव्हे, हेही लक्षात असू द्या. कास पठारावर खडकावर वीतभरसुद्धा माती नसते. पावसाळ्यात ती चिंब आणि उन्हाळ्यात पार कोरडी. त्या मातीत नत्र इतकं कमी की दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती चिकट पानांवर किडे पकडून पोट भरते. पाणथळ जागी निळ्या-जांभळ्या फुलांची सीतेची आसवं दिसतात. तीही मुळापाशी असलेल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडतात.

कोकणात खाडीकाठी ताण मिठाचा आणि चिखलाचा. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळं श्वासासाठी चिखलातून वर डोकावतात आणि नको असलेलं मीठ तो पानांतून बाहेर टाकतो. कांदळाची बी झाडावर असतानाच रुजते. तयार रोपच खाली पडतं, म्हणजे भरतीनं बी वाहून जायची भीती कमी. वेंगुर्ल्यात बचत गटाच्या महिला पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात आणि त्यातून उत्पन्न मिळवतात. तिवर नारळाच्या जागी लावून चालणार नाही आणि नारळ तिवराच्या. पण ज्याच्या त्याच्या जागी दोन्ही घर चालवतात.

घाईची

शेत, रस्त्याची कड, उकिरडा, नव्यानं उकरलेली माती. इथं अन्नपाणी असतं, पण आज आहे ते उद्या कुणी खुरपून नेईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी मोठं होण्यात अर्थ नाही. पटकन उगवायचं, पटकन फुलायचं आणि भरपूर बी टाकून मोकळं व्हायचं. टाकळा (काही भागांत तरोटा), कुर्डू, माठ, घोळ ही सगळी घाईची मंडळी. पहिल्या पावसात यांची भाजी आपल्या ताटात येते ती याच घाईमुळे. टाकळ्याच्या बीचं कवच कठीण असतं. सगळं बी एकाच वर्षी रुजत नाही, काही पुढच्या वर्षांसाठी मातीत राहतं. आघाडा आणि गोखरू बी पोचवायला आपलंच लुगडं आणि गुरांची कातडी वापरतात. एक पैसा भाडं न देता!

याच जमातीतलं त्रासदायक नाव म्हणजे गाजर गवत. ते मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेस आलं आणि नंतर देशभर पसरलं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात त्याला फुलं येतात आणि एका मोठ्या झाडापासून पंधरा ते पंचवीस हजार बिया पडू शकतात. ओल मिळाली की वर्षातून अनेकदा उगवतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. आपल्याला मात्र अंगाला खाज, पुरळ आणि काहींना दम्यासारखा त्रास होतो. खुरपणी आपणच करतो, त्यामुळे हा त्रास बायकांच्या वाट्याला जास्त येतो.

त्याचा स्वभाव कळला की उपायही कळतो. त्याचं बळ बियांत आहे, म्हणून फूल यायच्या आत उपटायचं. फुलल्यानंतर उपटून बांधावर टाकलं तर आपणच पेरणी केल्यासारखं होतं. हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी आणि अंगात पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. ज्यांच्या अंगावर पुरळ येतं त्यांनी हे काम करूच नये, दुसरं काम घ्यावं.

दुसरा उपाय म्हणजे घाईच्याला घाईचंच भिडवायचं. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय पडीक जागी टाकळ्याचं बी फेकायला सांगतं. टाकळा पावसात दाट उगवतो, गाजर गवतावर सावली धरतो आणि त्याला वाढू देत नाही. टाकळा पावसाळ्यापुरता असल्यामुळे नंतरही लक्ष ठेवावं लागतं. पण भाजी मिळते आणि उपटायचं काम कमी होतं, हा दुहेरी फायदा आहे.

हरळी आणि लव्हाळा मात्र वेगळे. त्यांचं बळ जमिनीखालच्या कांड्यांत आणि गाठींत असतं. नांगरानं त्यांचे तुकडे केले की प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. गाजर गवताचा उपाय इथं चालत नाही. उन्हाळ्यात खोल नांगरून कांड्या-गाठी वर उन्हात वाळवाव्या लागतात आणि वेचून काढाव्या लागतात.

चौथी जागा रिकामी का राहते?

आता मुद्द्याचं. जिथं ताणही जास्त आणि मोडतोडही जास्त, तिथं काय वाढतं? ग्राइम यांचं उत्तर स्पष्ट होतं : फारसं काहीच नाही. कारण मोडलेलं भरून काढायला जमा लागते आणि ताणाच्या जागी ती नसते. सोशिक झाड सावकाश वाढतं, म्हणून सारखं ओरबाडलं तर मरतं. घाईच्या झाडाला पटकन वाढायला ओल आणि माती लागते, ती इथं नाही.

आपलं बरंचसं गायरान याच चौथ्या जागेत बसतं. मुरमाड जमीन, पाऊस कमी आणि वर बाराही महिने चराई. तिथं गुरं खात नाहीत अशी रुई आणि तरवड उरतात, आणि कुसळी गवत उरतं. कुसळीचं बी ओल लागली की पीळ सोडत आणि वाळलं की पीळ घेत स्वतःला मातीत खुपसतं. चांगलं चाऱ्याचं गवत निघून जातं. अशा माळावर आपण कितीही चांगलं रोप नेलं तरी ते जगणं कठीण.

पावसाचा ताण आपल्या हातात नाही. पण मोडतोड आपल्या हातात आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी या गावांनी झाडं लावण्याबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. पाणी अडवून ताण कमी केला आणि बंदीनं मोडतोड कमी केली. जागा चौथ्या चौकोनातून बाहेर आली, म्हणून गवत आणि झाडं टिकली. हिवरे बाजारात मोकळं चारण्याऐवजी गवत कापून न्यायची रीत पडली.

चराईबंदी म्हटलं की शेळ्या असलेल्या ताई काळजीत पडतात आणि ती काळजी खरी आहे. ज्यांना शेत नाही त्यांचा आधार शेळीच असते. म्हणून सगळा माळ एकदम बंद करायचा आग्रह नको. एक तुकडा दोन-तीन पावसाळे राखायचा आणि बाकी मोकळा ठेवायचा. राखलेल्या तुकड्यातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क शेळ्या असलेल्या आणि भूमिहीन घरांना द्यायचा. हे बैठकीत आधी ठरवून ठरावात लिहिलं तरच टिकतं.

आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं

यातलं बरंचसं आपल्या घरात आधीपासून आहे. वरच्या हलक्या खाचरात हळवं भात आणि खालच्या पाणी धरणाऱ्या खाचरात गरवं भात लावायचं, हे कुणी पुस्तकातून शिकलं नाही. हळवं भात लवकर निसवतं, पाऊस संपायच्या आत मोकळं होतं. गरवं जास्त दिवस घेतं, पण त्याला शेवटपर्यंत ओल असते. उतारावर नाचणी-वरई लावायची हेही तसंच. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं आणि त्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते बियाणं मोलाचं आहे, कारण आपल्या माती-पावसाचा हिशोब त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मग रोपवाटिकेत काय करायचं?

रोपं मोजण्याआधी जागा मोजा. गावातल्या लावायच्या जागांचे तीन भाग करा आणि रोपांची यादी त्याप्रमाणे करा.

१. परस, न्हाणीच्या पाण्याची जागा, विहिरीची कड : शेवगा, केळी, पपई, कढीपत्ता. इथं लवकर वाढणारं चालतं.

२. खोल मातीचे बांध आणि ओढ्याकाठ : आंबा, जांभूळ, करंज. पहिली दोन-तीन वर्षं गुरांपासून राखायला लागतात.

३. मुरमाड माळ आणि उतार : बोर, हिवर, खैर, सीताफळ. सीताफळाच्या पानाला शेळी सहसा तोंड लावत नाही, हा मोठा फायदा. पाणी साचणाऱ्या किंवा चोपण जमिनीला पळस बरा. तोडला तरी तो मुळापासून पुन्हा फुटतो.

माळावरच्या झाडांसाठी आणखी एक गोष्ट. त्यांचं सगळं बळ सोटमुळात असतं आणि आखूड पिशवीत ते मूळ तळाशी वेटोळं होतं. असं रोप वरून हिरवं दिसतं, पण जमिनीत गेल्यावर खोल जाऊ शकत नाही. म्हणून अशा रोपांना लांब पिशवी घ्या. बोर आणि सीताफळाचं बी तर पावसाच्या तोंडावर सरळ जागेवरच टोचलं तरी चालतं. पिशवीचा खर्च वाचतो आणि मूळ पहिल्या दिवसापासून खाली जातं. आता बोरांचा हंगाम आहे, मुलांना सांगून बिया गोळा करून ठेवा.

कुणी बाहेरून फुकट रोपं द्यायला आलं तरी आधी विचारा : हे झाड कोणत्या जागेचं आहे? फुकटचं रोप फुकट नसतं. खड्डा आपण खणतो, पाणी आपण वाहतो.

पुढच्या बैठकीआधी

प्रत्येक गटातल्या दोघी-तिघींनी मिळून एक फेरी मारा. बरोबर एखादी जाणती आजी असू द्या. प्रत्येक जागेवर उभं राहून वहीत तीनच गोष्टी लिहा. इथं माती किती खोल आहे आणि पाणी किती टिकतं? इथं कोण चरतं, कोण तोडतं, आग लागते का? आणि इथं आपोआप काय उगवलंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहा, कारण आपोआप उगवलेलं झाड पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन बसलेलं असतं. ही पानं बैठकीत वाचू आणि त्यावरून ठरवू : पिशव्या किती भरायच्या, कोणत्या झाडांच्या भरायच्या आणि माळाचा कोणता तुकडा यंदा राखायचा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक